सात वर्षांचं लिंबू आणि रोजच्या दोन बादल्या

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

‘सातारा जिल्ह्यातल्या एका लहान शहरात आमचं घर आहे. सात वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा यजमानांनी परसात लिंबाचं रोप लावलं. तीन वर्षांपूर्वी ते गेले. झाड आता गच्चीच्या कठड्याला टेकलंय, हिरवंगार आहे, लांब लांब काट्यांनी भरलंय, पण आजवर एक लिंबू धरलं नाही. दोनदा थोडी पांढरीशुभ्र फुलं आली आणि गळून गेली. मी रोज सकाळी दोन बादल्या पाणी बुंध्याशी घालते, पावसाळ्यात तेवढी सुट्टी. आमच्या आरओच्या यंत्रातून जे पाणी वाया जातं तेच वापरते. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून महिन्याला दोन मुठी युरिया. दर दिवाळीला माळी झाड छाटून गोल करून जातो. सासूबाई ऐंशीच्या आहेत, त्या झाडाला वांझ म्हणतात. गेल्या वर्षी त्यांनी खोडात खिळा ठोकून घेतला, उपयोग झाला नाही. मुलगा म्हणतो, तोडू या, तिथे गाडीला शेड होईल. मला ते तोडवत नाही, आणि रोज बघितलं की वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय. ठेवू की तोडू?’

ताई,

सगळ्यात आधी तो शब्द बाजूला ठेवू. वांझ. बाईला लावला तरी तो मला सोसत नाही आणि झाडाला लावला तरी नाही. शिवाय लिंबाच्या बाबतीत तो खराही नाही. कागदी लिंबाला फळ धरायला जोडीचं झाड लागत नाही, एका झाडावर सगळं भागतं. तुमच्या झाडाला दोनदा फुलं आली, म्हणजे फुलायची ताकद त्याच्यात आहे. बियांपासून वाढलेलं लिंबू भर उन्हात असलं तरी पहिल्या फळाला चार-पाच वर्षं घेतं. सावली असेल, वर दर वर्षी कात्री चालत असेल, तर त्याहून जास्त. आणि तुम्ही लिहिलेत तसे लांब काटे बहुतेक वेळा बियांच्या झाडालाच असतात. सात वर्षं म्हणजे उशीर झालाय खरा, पण त्याची कारणं तुमच्याच पत्रात आहेत.

दुसरं, ‘माझंच काहीतरी चुकतंय’ हे तुमचं वाक्य. तुम्ही काय काय केलंत ते सगळं लिहिलंय: रोज पाणी, महिन्याला खत, वर्षाला छाटणी. एक दिवस खाडा नाही. आपण कुठेतरी कमी पडतोय म्हणून फळ नाही असं तुम्ही धरून चाललात, आणि म्हणून आणखी करत राहिलात. मला पत्र वाचून उलटंच वाटलं. या झाडाला सात वर्षांत एकदाही उसंत मिळालेली नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण घरच्या लिंबांची बरीच दुखणी इथेच सुरू होतात.

आपल्याकडे लिंबाचे आणि संत्र्या-मोसंबीचे बागायतदार झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पाणी तुटलं की नवी पालवी थांबते. पानं अन्न बनवत राहतात, पण ते वाढीत खर्च होत नाही, काड्यांमध्ये साठत जातं. मग पाणी परत मिळालं की त्याच काड्यांचे डोळे फुलांवर फुटतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलला तो आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. हस्ताची लिंबं ऐन उन्हाळ्यात उतरतात म्हणून त्यांना भाव सगळ्यात चढा, आणि धरायलाही तोच बहार सगळ्यात कठीण, कारण भर पावसाळ्यात जमीन कोरडी करायची कशी? कागदी लिंबू तसं वर्षभर थोडंथोडं फुलणारं झाड आहे. पण त्याला थांबायला वेळ मिळाला तर ते अंगभर फुलतं.

आता तुमच्या परसात बघा. दोन बादल्या म्हणजे तीसेक लिटर. एवढ्या मोठ्या झाडाला ते फार होतंय असं मी म्हणणार नाही, उन्हाळ्यात तर त्याला याहून जास्त लागेल. अडचण आहे ती रोजच्या रोज, कधीही खंड न पाडता घालण्याची, आणि बुंध्यात ओतण्याची. पावसाळा संपला की तुमची बादली सुरू होते, बादली थांबते तेव्हा पावसाळा सुरू झालेला असतो. माती वाळतच नाही. त्यात महिन्याला युरिया. युरियात फक्त नत्र असतं, आणि नत्राची पालवी होते. पाणीही आहे, नत्रही आहे, मग झाड वाढायचं कशाला थांबेल? आणि दिवाळीला माळी येतो तो नेमक्या शेंड्याच्या काड्या कापून नेतो, ज्यांच्यावर जानेवारीत कळी धरली असती. झाड पुन्हा पालवी काढायला लागतं. लिंबाला मेंदीच्या कुंपणासारखं गोल करायची काही गरज नसते, ताई. वाळलेल्या काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, जमिनीपासून दोनेक फुटांपर्यंतचे फुटवे आणि खोडातून सरळसोट वर जाणारे पाणसोट एवढंच काढायचं. यंदाच्या दिवाळीत माळी येऊन गेला असेल तर तिकडे आता इलाज नाही. गेला नसेल तर त्याला यंदा चहा पाजून परत पाठवा.

सासूबाईंच्या खिळ्याबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका. खिळा ठोकणं, कुऱ्हाड हातात घेऊन ‘आता तोडतोच तुला’ असा धाक घालणं, केरसुणीनं झोडपणं, हे गावोगाव चालत आलंय, आणि त्यानंतर झाड फळलेलं त्यांनी कधीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असणार. सालीला घाव बसला की पानांतून मुळांकडे जाणारं अन्न थोडं अडतं, झाडाला धक्का बसतो, कधी ते फुलतंही. शिवाय माणूस हा उपाय करतो कधी? चार-पाच वर्षं वाट बघून दमल्यावर. तोवर झाडही आपोआप फळायच्या बेताला आलेलं असतं. खिळ्याला श्रेय मिळतं ते असं. पण खिळ्याचं भोक बुरशीला आयतंच सापडतं, आणि तुमच्या बुंध्याशी रोज पाणी असल्यानं मला त्याची जास्त काळजी वाटते.

म्हणून पहिलं काम हे करा. खिळा सैल असेल तर काढा. साल त्याच्यावरून वाढून गेली असेल तर उकरू नका, राहू दे. बुंध्याभोवतीची माती हातानं बाजूला करून साल नीट बघा. कुठे तपकिरी, मधासारखे डिंकाचे थेंब, उभी चीर, दाबलं तर मऊ लागणारी साल? ते डिंक्या रोगाचं लक्षण. तेवढी कुजकी साल धारदार चाकूनं निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढायची. नंतर, डिंक असो वा नसो, खोडाला बोर्डो पेस्ट लावायची. ती घरी होते. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवायचे आणि तिसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत एकत्र ओतत ढवळायचे. सुरेख आकाशी निळा रंग येतो. आता खोडातून निघालेला तोच खिळा घासून लख्ख करा आणि त्या निळ्यात मिनिटभर बुडवून धरा. त्याच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, चुना आणखी घाला. खिळा होता तसा बाहेर आला की पेस्ट झाली. जुन्या ब्रशनं जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत लावा, त्याच दिवशी संपवा. हातमोजे घाला, मोरचूद विषारी आहे, भांडी परत स्वयंपाकघरात नेऊ नका. दर वर्षी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा ही पेस्ट लावली की खोडाची काळजी मिटली. सासूबाईंना खुर्ची टाकून समोर बसवा हे करताना. त्यांचा खिळा कामाला आलेला त्यांना बघू दे.

आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार गोळा झालेले असतात. लिंबवर्गातली झाडं क्षारांना फार हळवी. पानांची टोकं आणि कडा करपल्यासारख्या दिसत असतील तर कारण हेच. ते पाणी फरशी पुसायला, अंगण धुवायला वापरा, झाडाला नळाचं नाहीतर पावसाचं साठवलेलं.

इथपर्यंत मी गृहीत धरलंय की हे कागदी लिंबूच आहे. पण खात्री करून घ्या. मी स्वतः एकदा यात पाच वर्षं घालवली आहेत. एका रोपवाटिकेतून मोसंबीचं कलम आणलं होतं. मोसंबीचा डोळा जंबेरी या खडबडीत सालीच्या लिंबाच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, भरतात. माझ्या कलमाचा वरचा डोळा पहिल्या उन्हाळ्यातच वाळला आणि खालून, खुंटातून, जोमदार फुटवा आला. मी त्याचंच कौतुक करत बसले. पाचव्या वर्षी फळं आली ती पिवळी, खडबडीत, गाठीगाठींची. जंबेरी. वीतभर उंचीवर कलमाचा सांधा असतो, त्याच्या खालचा प्रत्येक फुटवा दिसला की खुडायचा, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या खोडाला वीतभरावर असा सांधा, म्हणजे एक गाठ किंवा सालीचा रंग बदललेला दिसतो का ते बघा. नसेल तर झाड बियांचं आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे: कागदी लिंबाच्या बियांतून बहुतांशी आईसारखंच झाड निघतं, म्हणूनच बागायतदारसुद्धा त्याची बियांचीच रोपं लावतात. जंबेरीची कळी बाहेरून जांभळट असते, पालवीवरही ती झाक दिसते. तुमची फुलं पांढरीशुभ्र होती, पान लहान असेल आणि चुरगाळल्यावर ओळखीचा वास येत असेल, तर मला फारशी शंका नाही.

शंका आहे ती उन्हाची. पत्रात तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. परस, गच्चीच्या कठड्याला टेकलेलं झाड, बाजूला शेजाऱ्यांचं घर. फांद्या उंच गेल्या त्या बहुधा उन्हाच्या शोधात. येत्या रविवारी एवढं करा: सकाळी आठपासून संध्याकाळी चारपर्यंत दर दोन तासांनी बाहेर येऊन झाडावर थेट ऊन आहे का ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून दक्षिणेला भिंत असेल तर आत्ता सावली जास्त दिसेल, हेही ध्यानात असू द्या. सहा तास ऊन मिळत असेल तर पुढचं सगळं करण्यात अर्थ आहे. चारच्या आत असेल तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. अशा जागी लिंबू जगतं, फळायला मात्र कुरकुरतं, आणि ताण देऊनही फारसा फरक पडत नाही.

ऊन पुरेसं निघालं असं धरून पुढे जाते. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा नोव्हेंबर संपत आला असेल. आंबे बहारासाठी वेळ अगदी बरोबर आहे. युरिया आजपासून बंद. १ डिसेंबरपासून पाणी बंद, पूर्ण बंद. कपडे धुतल्याचं, भांड्यांचं पाणी तिकडे वाहत असेल तर तेही वळवा. बुंध्याजवळ पालापाचोळा असेल तर ओढून घ्या, जमीन उघडी राहू दे. कुदळ मात्र चालवू नका; लिंबाची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात. डिंक्याची लक्षणं सापडली, किंवा झाड आधीच पिवळं, मलूल असेल, तर यंदा ताण देऊ नका, आधी त्याला बरं होऊ द्या.

किती दिवस? मुरमाड, हलकी जमीन असेल तर तीन-चार आठवड्यांत काम होतं. तुमच्याकडे काळी जमीन असेल तर दीड महिना, कधी त्याहून थोडं जास्त लागतं. पण कॅलेंडरपेक्षा झाडाकडे बघा. पहिले काही दिवस काहीच होणार नाही. मग दुपारी पानं थोडी वळलेली, द्रोणासारखी दिसतील आणि सकाळी परत सरळ होतील. घाबरू नका, थांबा. आणखी काही दिवसांनी खालची पानं पिवळी पडून गळायला लागतील, सकाळी अंगणात सडा दिसेल. घरात सगळे म्हणतील, झाड मेलं. तेव्हा रोज सूर्योदयाच्या वेळी एक फांदी हातात धरून बघा. ज्या दिवशी पहाटेच्या गारव्यातही पानं वळलेलीच राहतील, किंवा अंदाजे चौथा हिस्सा पानं गळून गेली असतील, त्या दिवशी ताण पुरा झाला. त्याच्या पलीकडे ओढायचं नाही. मधे अवकाळी पाऊस जोराचा झाला तर ताण तुटला असं समजा आणि पुढच्या कामाला लागा.

मध्यंतरीच्या काळात जमिनीची मांडणी बदलून घ्या. बुंध्याभोवती फूटभर अंतरापर्यंत माती थोडी उंच करा, खोडाकडून बाहेर उतरती, म्हणजे पाणी खोडाला टेकणार नाही. आणि झाडाच्या सावलीची कड जिथे पडते तिथे बांगडीसारखं गोल, उथळ आळं करा. इथून पुढे पाणी आणि खत त्या बांगडीतच. ताण तोडायच्या दिवशी बांगडीत दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड पसरून मातीत हलक्या हातानं मिसळा, आणि मग पाणी. पहिलं पाणी हलकं, दुसरं चार-पाच दिवसांनी जरा भरपूर, तिसऱ्यापासून नेहमीसारखं, पण रोज नाही. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. हिवाळ्यात आठवड्याला एकदा-दोनदा पुरावं, एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड. तेव्हा मात्र बांगडीत पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला आणि पाण्याचा खंड पडू देऊ नका. बारीक लिंबं असताना माती एकदा खडखडीत आणि एकदा चिखल झाली की फळं गळतात.

सगळं जुळून आलं तर पाणी दिल्यापासून दोन-तीन आठवड्यांत कळ्या दिसतील. फुलं गळतील, भरपूर गळतील. लिंबाच्या फुलांतली थोडीच फळापर्यंत पोचतात, वाटाण्याएवढी झाल्यावरही बरीच पडतात. तुमची दोनदा गळलेली फुलं हे अपशकुन नव्हते. त्या वेळी थोडीच होती म्हणून एकही उरलं नाही. फूल येऊन लिंबू उतरायला पाच-सहा महिने, म्हणजे जून-जुलै.

याच सुमारास नव्या पालवीवर एक अळी दिसेल. लहानपणी ती हुबेहूब पाखराची विष्ठा वाटते, काळपट तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा. मोठी झाली की हिरवीगार. काडीनं हळूच शिवलं तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. काळ्या-पिवळ्या नक्षीचं, मागच्या पंखावर लाल ठिपका असलेलं जे फुलपाखरू परसात फिरतं, त्याची ती अळी. तुमच्या सात वर्षांच्या झाडाला दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही. माझी विनंती आहे, त्यांना राहू द्या. हातभर उंचीच्या रोपावर असतील तर मात्र वेचून घ्याव्या लागतात, दोन दिवसांत रोपाच्या काड्या उरतात. त्या वेचलेल्या अळ्या घरातल्या मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडता येतात, तिथेही त्या जगतात.

आता तुमचा खरा प्रश्न. ठेवू की तोडू.

मला वाटतं यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत: लिंबं हवीत, गाडीला जागा हवी, आणि यजमानांनी लावलेलं झाड आहे. पहिल्याचं उत्तर पुढच्या दिवाळीपर्यंत मिळेल. आंबे बहार हुकला तरी मृग हाताशी आहे: मेमध्ये पाणी कमी करत न्यायचं, पहिला मोठा पाऊस ताण तोडतो. म्हणून मुलाला ‘नाही’ म्हणू नका, त्याला तारीख द्या. त्याचीही गरज खरी आहे, उन्हापावसात गाडी उभी असते. ‘दिवाळीपर्यंत थांब, मग आपण दोघं मिळून ठरवू’ हे तो ऐकेल. आणि रविवारी उन्हाची नोंद त्यालाच करायला सांगा. चार तासांच्या आत ऊन आहे हे त्याने स्वतः मोजलं तर तुम्हालाही निर्णय सोपा जाईल, सहा तास निघाले तर त्यालाही. हेही दोघांनी माहीत करून घ्या की नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीत स्वतःच्या आवारातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे करावा लागतो.

तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबते. तुम्ही लिहिलं नाहीत, पण रोज न चुकता दोन बादल्या घालणाऱ्या बाईला हे झाड गेलं तर ते माणूस पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटणार, एवढं मला कळतं. आणि त्यांनी लावलेलं फळत नाही, याची बोच वेगळी. म्हणून एक सुचवते, झाड राहो की जावो, हे करून ठेवा. जून-जुलैत, पाऊस लागला की, याच झाडाची गुटी बांधा. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी, उन्हातली फांदी निवडायची. काटे बेतानं छाटायचे. इंचभर रुंदीची साल अंगठीसारखी गोल काढायची, आतला बुळबुळीत थर पुसून घ्यायचा. त्यावर भिजवून पिळलेलं शेवाळ मुठीएवढं लपेटून वरून प्लास्टिक दोन्ही बाजूंनी घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. मग गुटीच्या खाली कापून आधी कुंडीत, सावलीत. चार-पाच गुट्या बांधा, दोन तरी साधतील. हे नवं झाड म्हणजे तेच झाड, त्यांनीच लावलेलं, फक्त जागा बदललेलं. आणि मोठ्या झाडाच्या फांदीचं असल्यानं ते पुन्हा सात वर्षं वाट बघायला लावत नाही, दोन-तीन वर्षांत फळतं. परसात ऊन नसेल तर हे गच्चीवर, पुढच्या अंगणात, मुलीच्या सासरी, कुठेही नेता येतं. शेड बांधायची वेळ आलीच तर हातात काहीतरी असलेलं बरं.

त्याच खड्ड्यात लगेच दुसरं लिंबू मात्र लावू नका. डिंक्याची बुरशी मातीत राहते.

तुमच्यासारख्याच अडचणीतल्या इतरांसाठी थोडं. कुंडीतल्या लिंबाला ताण देऊ नका, चार दिवसांत ते वाळतं. कुंडी अठरा-वीस इंचांची, खाली मोकळी भोकं, आणि बाल्कनी दक्षिणेची किंवा पश्चिमेची. नवं रोप घेणार असाल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या साई सरबती आणि फुले सरबती या कागदी लिंबाच्या चांगल्या जाती आहेत. विद्यापीठाच्या किंवा शासकीय रोपवाटिकेतून घ्या, विदर्भात असाल तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेत चौकशी करा. कोकण-गोव्यात पावसाचा मारा मोठा, तिथे पानाफळांवर खैऱ्या रोगाचे खरबरीत तपकिरी डाग हमखास येतात. रोगट काड्या कोरड्या दिवसांत कापून जाळा आणि पालवीवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम फवारा. नव्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर चुनखडीच्या जमिनीत किंवा बोअरच्या जड पाण्यामुळे जस्त आणि लोह मिळत नाही असं समजा. जस्तासाठी लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना एकत्र करून पानांवर फवारलं तर महिन्याभरात फरक दिसतो. अशा जमिनीत चुलीची राख घालू नका, त्रास वाढतो.

ताई, डिसेंबरभर तुमची सकाळ मोकळी मोकळी वाटेल, हात शिवशिवतील. त्याच वेळी परसात जाच. बादली जास्वंदीला, तुळशीला द्या, आणि लिंबाची एक फांदी धरून पानं बघा. वळलेली आहेत का, उन्हाआधी सरळ झाली का. ज्या पहाटे ती सरळ होणार नाहीत, त्या पहाटे अर्धीच बादली, बांगडीत, सावकाश.